माशांतला लिंगबदल: हार्मोन नक्की कुठे काम करतात? (जिताडा, चिलापी, हेकरू, क्लाऊनफिश)

खारफुटी

जिताड्याच्या बीजाच्या धाग्यावर मध्येच "मासे हार्मोन देऊन नर करतात म्हणे, मग खायचे का?" असा प्रश्न आला आणि गाडी भलत्याच रुळावर गेली. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा काढतोय. जाणकारांनी भर घालावी.

आधी एक गाठ सोडवू. दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली ढकलल्या जातात. पहिली म्हणजे नैसर्गिक लिंगबदल. इथे पूर्ण वाढलेला, अंडी घालून झालेला किंवा नर म्हणून विणीत भाग घेतलेला मासा पुढे दुसऱ्या लिंगाचा होतो. दुसरी म्हणजे हॅचरीतलं काम. त्यात पिल्लाची जननग्रंथी अजून अंडाशय की वृषण हे ठरायचं असतं, आणि खाद्यातून हार्मोन देऊन तिला एका बाजूला वळवतात. रेणू बहुतांशी तेच असले तरी काळ, डोस आणि परिणाम यांत फार फरक आहे.

रसायन थोडक्यात असं. सगळे लैंगिक हार्मोन कोलेस्टेरॉलपासून बनत जातात आणि वाटेत टेस्टोस्टेरॉन हे जंक्शन लागतं. तिथून एक रूळ इस्ट्रॅडायॉलकडे जातो. तो सांधा बदलणारं एन्झाइम म्हणजे अरोमॅटेज. दुसरा रूळ ११-केटोटेस्टोस्टेरॉनकडे जातो (पुढे ११-केटी म्हणतो). माशांत नराचं मुख्य हार्मोन हे ११-केटी. साधं टेस्टोस्टेरॉन मादीच्या रक्तातही भरपूर सापडतं, त्यामुळे नुसतं ते मोजून नर-मादी ठरत नाही. ११-केटीचं अरोमॅटेज काही करू शकत नाही, म्हणजे त्या बाजूला गेलेला माल इस्ट्रोजेनकडे परत येत नाही.

मादीपासून नर होणाऱ्या माशांत पहिली हालचाल बहुतेकदा इस्ट्रॅडायॉल कोसळण्याची असते, ११-केटी त्यानंतर चढतं. हा क्रम लक्षात ठेवा, पुढे चिलापीच्या (तिलापियाच्या) वेळी लागेल.

सर्वांत जास्त अभ्यासलेला मासा म्हणजे कॅरिबियनमधला निळ्या डोक्याचा रॅस. प्रवाळावरचा मोठा नर काढून घेतला की उरलेल्यांतली सर्वांत मोठी मादी काही मिनिटांत ते तासांत नरासारखी वागू लागते. रंग त्यानंतर बदलतो. आणि साधारण ८ ते १० दिवसांत अंडाशयाच्या जागी शुक्राणू देणारं वृषण तयार असतं.

---

शंकासूर

वागणूक मिनिटांत आणि वृषण दहा दिवसांनी? म्हणजे हार्मोनच्या आधीच ती 'नर' झाली. मग हार्मोनचं श्रेय कशाला?

---

खारफुटी

@शंकासूर, बरोबर जागी बोट ठेवलंत. १९९६ च्या एका प्रयोगात या रॅसच्या माद्यांचं अंडाशयच काढून टाकलं. नर हटवल्यावर त्या माद्याही नरासारख्या वागू लागल्या. म्हणजे वागणुकीच्या बदलासाठी जननग्रंथीचं हार्मोन लागत नाही, ते मेंदूतच होतं. व्हॅसोटोसिन नावाचं मेंदूतलं हार्मोन त्यात महत्त्वाचं आहे.

पण हार्मोनचं श्रेय जातही नाही. मादीला बाहेरून इस्ट्रॅडायॉल देत राहिलं तर बदल अडतो. ११-केटी दिलं तर नर हटवलेला नसतानाही मादीला नराचा रंग चढतो. साखळी अशी: डोळ्यांना दिसतं की मोठा नर नाही, मेंदू ते वाचतो, पिट्यूटरी ग्रंथीतून जाणारे संदेश बदलतात, अरोमॅटेजचं उत्पादन घटतं, अंडाशय टिकवून धरणारं इस्ट्रोजेन संपतं. हार्मोन हुकूम बजावतात, हुकूम काढणारा निराळा.

कॉर्टिसॉलचाही यात हात दिसतो. ताण आला की वाढणारं हेच ते हार्मोन. ११-केटी बनवणारी काही एन्झाइम आणि कॉर्टिसॉल बनवणारी-मोडणारी एन्झाइम सामाईक आहेत, त्यामुळे ताण आणि नरत्व यांचे धागे गुंततात. २०१९ मध्ये याच रॅसवर जनुकांच्या पातळीवर मोठं काम झालं. ताणाशी संबंधित जनुकं, अरोमॅटेजची घसरण आणि डीएनएवरच्या मिथाइल खुणांची (या जनुकं चालू-बंद ठेवायला मदत करतात) फेरमांडणी, तिन्ही एकाच बदलाच्या टप्प्यांत दिसली.

---

भिंगातून

छान धागा. जननग्रंथीच्या काचपट्टीवर हे कसं दिसतं ते लिहितो, कारण "अंडाशयाचं वृषण होतं" हे ऐकायला सोपं वाटतं.

मादीपासून नर होणाऱ्या हेकरूत (काही ठिकाणी गोब्रा म्हणतात, इंग्रजीत ग्रुपर) आधी मोठ्या, बलक भरलेल्या अंडपेशी जिरायला लागतात. त्या आकसतात, कडा वेड्यावाकड्या होतात आणि शेवटी पिवळट-तपकिरी ठिपके मागे राहतात. मग अंडाशयातल्या पडद्यांच्या काठाने शुक्रजनक पेशींची लहान-लहान बेटं उगवतात आणि पसरत जातात. पण मधली पोकळी, जी अंडाशयाची खूण असते, ती तशीच राहते. म्हणून पूर्ण नर झालेल्या हेकरूचं वृषण आडवं कापलं की आत पोकळी दिसते. जन्मापासून नर असलेल्या माशाच्या वृषणात ती नसते. लिंगबदल सिद्ध करायला ही खूण भरवशाची. नुसत्या "दोन्ही पेशी एकत्र दिसल्या" एवढ्यावर निष्कर्ष काढू नये, कित्येक एकलिंगी माशांच्या पिल्लांतही तसं तात्पुरतं दिसतं.

ओकिनावातला एक छोटा गोबी तर दोन्ही दिशांना ये-जा करतो. त्याच्यात अंडाशय आणि वृषण दोन्ही कायम शेजारी शेजारी असतात, एक चालू तर दुसरं झोपलेलं. सोबती बदलला की पिट्यूटरीच्या संदेशांचे ग्राहक एका बाजूकडून दुसरीकडे जातात. तो बदल काही तासांतच सुरू होतो आणि पूर्ण लिंगबदल पाचेक दिवसांत. इथे नवं काही बांधायचंच नसल्यामुळे एवढी घाई जमते.

---

नाखवा

आमच्याकडच्या माशांचं पण बोला की राव. रावस आणि जिताडा दोन्ही आधी नर आणि मग मादी. जाळ्यात आलेला थोराड रावस बहुतेक वेळा मादीच. हेकरूचं उलटं, थोराड तो नर.

म्हणून "मोठे मासे धरा, लहान सोडा" हा सरसकट सल्ला इथे चालत नाही. जिताड्यात मोठे उचलले तर अंडी देणाऱ्या माद्याच जातात. हेकरूत मोठे उचलले तर नर जातात. मेक्सिकोच्या आखातातल्या गॅग नावाच्या हेकरूचं उदाहरण नेहमी देतात. १९७० च्या दशकात कळपात नर १७ टक्क्यांच्या आसपास होते, पुढच्या वीसेक वर्षांत प्रमाण एकेरी आकड्यावर आलं. मोठे मासे विणीसाठी एका जागी जमतात तिथेच मासेमारी झाली, आणि मादीपासून नर व्हायला जो वेळ लागतो तेवढा मिळालाच नाही.

---

शंकासूर

जिताड्यावरून आठवलं. रायगडात खाजणात, खाचरात जिताडा सोडतात. त्याला हार्मोन देऊन लवकर माद्या केल्या तर वाढ जास्त होईल का? मादी मोठी असते ना?

---

तळेकरी

@शंकासूर, नाही. कारण आणि परिणाम उलटे झालेत. मादी झाल्यामुळे जिताडा मोठा होत नाही, मोठा आणि वयस्क झाला म्हणून मादी होतो. साधारण तीन-चार वर्षांचा होईपर्यंत तो नरच असतो, मादी व्हायला आणखी काही वर्षं जातात. विक्रीचा एक-दोन किलोचा मासा त्याच्या कितीतरी आधी निघतो. त्यामुळे तळ्यातल्या शेतकऱ्यासाठी लिंगाचा प्रश्नच नाही. तिथे खरा प्रश्न म्हणजे एकमेकांना खाण्याचा. आकारानुसार प्रतवारी केली नाही तर कुठलंही हार्मोन वाचवणार नाही.

लिंगबदल डोकेदुखी ठरतो तो हॅचरीत. पैदाशीचा साठा जसजसा म्हातारा होतो तसतसे नर कमी होत जातात. दोन वाटा आहेत: दरवर्षी तरुण नर साठ्यात आणत राहणं, किंवा १७-अल्फा-मिथाइलटेस्टोस्टेरॉनच्या (पुढे एमटी) गोळीचं रोपण करून नर टिकवणं. पहिली वाट बरी. खर्च माशांचा आहे, पण वीर्याचा दर्जा चांगला राहतो.

आणि कृपया जिताड्याला देतात ते "इंजेक्शन" लिंगबदलाचं समजू नका. ते एलएचआरएच-ए, म्हणजे पक्व झालेल्या माशाला अंडी-वीर्य सोडायला लावणारं. चेन्नईच्या सीबा या निमखाऱ्या पाण्यातल्या मत्स्यशेतीवर काम करणाऱ्या संस्थेनं १९९७ मध्ये देशात पहिल्यांदा जिताड्याचं बीज बंदिस्तीत तयार केलं, ते याच वाटेनं. त्यांच्या पद्धतीत मादीला दर किलो वजनाला ६०–७० मायक्रोग्रॅम, नराला त्याच्या निम्मं, ३०–३५. एका मादीमागे दोन नर. टोचण्याआधी मादीच्या जननद्वारातून बारीक पॉलिथीनची नळी घालून थोडी अंडी ओढून घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. व्यास ४५० मायक्रॉनच्या वर हवा. त्याखाली असेल तर टोचून उपयोग नाही, मादी अंडी सोडत नाही किंवा सोडली तर फळत नाहीत. नराचं पोट हलकं दाबलं की दुधासारखं वीर्य यायला हवं. सकाळी टोचलं तर ३० ते ३६ तासांनी, म्हणजे दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या सुमारास वीण होते.

---

शंकासूर

उत्तम, गैरसमज दूर झाला. आता चिलापी! सगळ्यांना भीती तिचीच आहे.

---

तळेकरी

चिलापीवर नीट लिहितो, वेळ लागेल.

आधी कारण. चिलापीची मादी दोन-तीन महिन्यांत वयात येते, अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते आणि त्या काळात जवळजवळ खात नाही. तळं पिल्लांनी भरतं, सगळ्यांची वाढ खुंटते आणि बोटभर मासे हाती लागतात. नर जोमानं वाढतात. म्हणून सगळे नर हवेत. भारतात नाईल तिलापियाच्या शेतीला परवानगी देतानाच एकलिंगी नर किंवा वांझ मासे सोडायची अट आहे, तीही या कारणासाठी आणि बाहेरच्या पाण्यात पैदास होऊ नये म्हणून.

खाद्य असं बनवतात:

एमटी पाण्यात विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळतं. ६ ग्रॅम एमटी १ लिटर ९५ टक्के इथेनॉलमध्ये विरघळवून साठ्याचं द्रावण करा. त्याच्या १० मिलीत ६० मिग्रॅ येतं, आणि १ किलो खाद्याला ६० मिग्रॅ हाच प्रचलित डोस. पण १० मिली द्रव १ किलो पिठाला सारखा लागणार नाही, म्हणून त्यात आणखी अर्धा लिटरभर इथेनॉल घालून मग फवारायचं. खाद्य बारीक चाळलेलं, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, प्रथिनं ४० टक्के किंवा जास्त. ओलं पीठ पातळ थरात पसरून सावलीत, वारा खेळत्या जागी सुकवायचं. उन्हात अजिबात नाही, प्रकाशानं एमटी मोडतं. अल्कोहोलचा वास गेला की हवाबंद, काळ्या पिशवीत, फ्रीजमध्ये. आणि जवळपास विडी-काडी नको. एवढं इथेनॉल उडत असतं तेव्हा हे सांगावं लागतंच.

द्यायचं कधी? पिवळा कोष संपून पिल्लू पोहायला आणि खायला लागतं त्या दिवसापासून, तेव्हा लांबी ९ ते ११ मिमी असते. २१ ते २८ दिवस द्यायचं. पाणी २४ अंशांच्या खाली असेल तर २८ च धरा. १४ मिमीच्या वर गेलेलं पिल्लू चाळणीनं वेगळं काढा, त्याची ग्रंथी बहुधा ठरलेली असते. सुरुवातीला रोज अंगवजनाच्या २० टक्के, पुढे कमी करत आणायचं, दिवसातून किमान चार वेळा.

हिशेबाचा नमुना: ५०,००० पिल्लं, प्रत्येकी १० मिग्रॅ, म्हणजे एकूण अर्धा किलो. त्याचे २० टक्के म्हणजे १०० ग्रॅम खाद्य. सरासरी वजन ०.१ ग्रॅम झालं की एकूण ५ किलो, १५ टक्क्यांनी ७५० ग्रॅम. वजन दर आठवड्याला मोजायचं. पहिल्या आठवड्याचाच आकडा पुढे ओढला तर पिल्लं उपाशी राहतात आणि भिंतीवरचं शेवाळ खातात. शेवाळात हार्मोन नसतं.

आता फसतं कुठे:

सर्वांत जास्त फसतं ते वयाच्या सरमिसळीनं. तळ्यातून तीन आठवड्यांनी एकदा जाळं ओढलं तर त्यात आजची आणि पंधरा दिवसांपूर्वीची पिल्लं एकत्र येतात. मोठी आधीच मादी ठरलेली, शिवाय तीच खाद्य जास्त पळवतात. मादीच्या तोंडातून अंडी काढून जारमध्ये उबवली तर सगळी एका वयाची मिळतात. खर्चिक आहे, पण ९५ टक्क्यांच्या वर नर सातत्यानं हवे असतील तर याच पद्धतीला धरून राहावं.

दुसरं, हिरव्या पाण्याच्या तळ्यात हापा (बारीक जाळीचा पिंजरा) लावून औषधी खाद्य देणं. प्लवंग भरपूर असेल तर पिल्लं खाद्याला तोंड कमी लावतात. डोस बरोबर, पोटात अर्धाच.

तिसरं, "जास्त दिलं तर जास्त नर". हे चुकीचं आहे. डोस फार वाढवला किंवा फार दिवस दिला तर वांझ मासे आणि उलट माद्याही निघतात. याचं एक कारण खारफुटी यांनी लिहिलेलं जंक्शन. जादा अँड्रोजेनचा काही भाग अरोमॅटेज इस्ट्रोजेनकडे वळवू शकतं.

चौथं, जुनी भुकटी. उघड्या बाटलीत, खिडकीत ठेवलेली एमटी किती शिल्लक आहे ते कोणालाच माहीत नसतं.

---

खारफुटी

तळेकरींच्या प्रतिसादाला +१. त्याला जोडून: चिलापीच्या XX पिल्लांना (जनुकानं मादी) कुठलंही नर-हार्मोन न देता फक्त अरोमॅटेज रोखणारं औषध, फॅड्रोझोल किंवा लेट्रोझोल, दिलं तरी ती नर होतात. म्हणजे मूळ प्रश्न "इस्ट्रोजेन आहे का" हा आहे. एमटीच्या कामाचाही एक भाग अरोमॅटेज दाबण्याचाच.

आणि हे पिल्लांपुरतंच नाही. २०१३ मध्ये जपानी गटानं नाईल तिलापिया आणि मेडाका यांच्या प्रौढ माद्यांचं इस्ट्रोजेन दीर्घकाळ तोडून कामाचे नर मिळवले. हे दोन्ही निसर्गात आयुष्यभर एकाच लिंगाचे राहणारे मासे. मादीपण टिकवायला इस्ट्रोजेनचा पुरवठा आयुष्यभर चालू लागतो असा त्याचा अर्थ. हॅचरीच्या दृष्टीनं हे निरुपयोगी, पण रॅस आणि हेकरू निसर्गात काय करतात ते यावरून उलगडतं.

---

भिंगातून

नर किती झाले हे तपासल्याशिवाय "९८ टक्के" छापू नये. पद्धत साधी आहे.

४५ टक्के ॲसेटिक ॲसिडच्या १०० मिलीत अर्धा ग्रॅम कार्माइन घाला, दोन-चार मिनिटं उकळा, गार करून गाळा. हे ॲसिटो-कार्माइन. पिल्लू ५ सेमीच्या आसपासचं झालेलं बरं. घाई नसेल तर १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये आठ-दहा दिवस ठेवा, ऊतक कडक होतं आणि ओढताना तुटत नाही. पोट उघडून आतडी बाजूला सारली की हवेच्या पिशवीच्या खाली, पाठीच्या बाजूनं दोन केसासारखे धागे दिसतात. चिमट्यानं एक पूर्ण लांबीचा उचला, काचेवर ठेवा, रंगाचे एक-दोन थेंब, वर कव्हर स्लिप, अंगठ्यानं हलकं दाबा. ४० ते १०० पट मोठं करून पाहा. मादी असेल तर गोल-गोल अंडपेशी, मध्ये फिकं केंद्रक, लांबूनही ओळखू येतात. नर असेल तर बारीक रवाळ, एकसारखं. मधूनच चार-दोन गोल पेशी आणि बाकी रवाळ, तो आंतरलिंगी. धाग्याचा फक्त एक तुकडा पाहिला तर आंतरलिंगी नर म्हणून मोजले जातात, म्हणून पूर्ण लांबी.

नमुना किती? १०० माशांत ५ माद्या निघाल्या तर गटातलं खरं प्रमाण साधारण २ ते ११ टक्क्यांत कुठेही असू शकतं. वीस मासे तपासून दाखला देणाऱ्यांनी याचा विचार करावा.

मासा २०–३० ग्रॅमचा झाला की जननद्वारावर मिथिलिन ब्लूचा थेंब टाकून बाहेरूनही कळतं. नराला दोन छिद्रं, मादीला तीन.

---

शंकासूर

मूळ प्रश्न राहिलाच. खायचे की नाही?

---

तळेकरी

हार्मोन मिळतं ते पहिल्या महिनाभरात, मासा तेव्हा अर्ध्या ग्रॅमच्या आतबाहेर असतो. ताटात येतो तो आणखी पाच-सहा महिन्यांनी, काहीशे ग्रॅमचा होऊन. किरणोत्सारी खूण लावलेल्या एमटीवर केलेल्या अभ्यासांत खाद्य बंद केल्यावर काही दिवसांत ते शरीरातून जवळजवळ पूर्ण निघून गेल्याचं दिसलं आहे. युरोपीय संघानं खाद्य-प्राण्यांना हार्मोन देण्यावर बंदी घातलेल्या १९९६ च्या निर्देशातही, परवाना असलेली नर-हार्मोन औषधं माशांच्या पिल्लांना पहिल्या तीन महिन्यांत लिंग बदलण्यासाठी द्यायला वाट ठेवली आहे. खाणाऱ्याला धोका नगण्य आहे असं माझं मत.

धोका आहे तो खाद्य कालवणाऱ्याला. रोज भुकटी आणि अल्कोहोलची वाफ. हातमोजे, मास्क, चष्मा हवेतच, आणि गरोदर बाईला या कामाच्या आसपासही ठेवू नये. कित्येक ठिकाणी उघड्या हातानं कालवतात, त्याबद्दल कोणी बोलत नाही.

दुसरा धोका सांडपाण्याचा. न खाल्लेलं खाद्य गाळात बसतं आणि गाळात एमटी आठवडेच्या आठवडे टिकू शकतं. हॅचरीचं पाणी थेट ओढ्यात न सोडता जिवाणूंच्या गाळणीतून, जमल्यास सक्रिय कोळशातून न्यावं.

हार्मोन ताटातल्या माशापर्यंत नकोच असेल तर YY नराची वाट आहे. XY पिल्लांना (जनुकानं नर) इस्ट्रोजेन देऊन मादी करायची, तिचा साध्या XY नराशी जोड लावायचा, पिल्लांत चौथाई YY निघतात. असा YY नर साध्या XX मादीला लावला की सगळी पिल्लं XY, म्हणजे बहुतांश नर, आणि त्यांना हार्मोनचा स्पर्शही नाही. वेळ दोन-तीन पिढ्या, आणि प्रत्येक संशयित नराची संततीवरून परीक्षा. शिवाय चिलापीत तापमानही लुडबुड करतं, ३६ अंशांच्या आसपास वाढलेल्या पिल्लांत नर जास्त निघतात, म्हणून शंभर टक्क्यांची हमी तिथेही नाही.

---

नाखवा

हेकरूच्या हॅचरीत पण नर मिळत नाहीत म्हणून एमटीच देतात ना?

---

तळेकरी

हो. हेकरूचा नैसर्गिक नर व्हायला बरीच वर्षं जातात आणि तोवर तो सांभाळायला अवाढव्य होतो. म्हणून लहान माद्यांना एमटी खाद्यातून किंवा रोपणातून देऊन नर करतात, अरोमॅटेज-रोधकही वापरतात. अडचण अशी की एमटी थांबवलं की बरेच नर पुन्हा मादीकडे झुकतात. मेंदूनं आणि कळपानं तो बदल मागितलेलाच नसतो, बाहेरचा टेकू काढला की मूळ पदावर. त्यामुळे विणीच्या हंगामाच्या हिशेबानं डोस आखायचा आणि वीर्य मिळेल तेव्हा गोठवून ठेवायचं. गोठवलेलं वीर्य हाताशी असलं की निम्मी चिंता जाते.

---

काचपेटी

शोभेच्या माशांबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून.

क्लाऊनफिशला जोडीसाठी हार्मोन लागत नाही, देऊही नये. वयात येणारं प्रत्येक पिल्लू आधी नर होतं, मादी नंतर. गटात सर्वांत मोठी ती मादी, दुसऱ्या क्रमांकाचा नर, बाकीचे लहान अवयस्क. मादी मेली की नराची मादी होते आणि खालचा एक नर बनतो. ओसेलॅरिस जातीवर २०१९ मध्ये आलेल्या कामात मेंदूचा संबंधित भाग सहाएक महिन्यांत मादीसारखा झाला होता, तेव्हा जननग्रंथी अजून नराचीच होती. म्हणजे "दोन महिने झाले, अंडी नाहीत, जोडी खोटी निघाली" म्हणून दुकानदाराशी भांडू नका.

तलवारमाशाच्या मादीला तलवार फुटून ती नर झाली, हे दर महिन्याला कोणीतरी लिहितं. बहुतेक वेळा तो उशिरा वयात आलेला नरच असतो, किंवा नर-हार्मोन वाढलेली म्हातारी मादी. दिसते नरासारखी, पिल्लं होत नाहीत.

बाजारात बोटाच्या पेराएवढे, आकाराच्या मानानं फारच भडक गप्पी किंवा सिक्लिड दिसले आणि पेटीत एकही फिकी मादी नसली तर नर-हार्मोन दिल्याचा संशय धरा. घरी आणल्यावर महिना-दोन महिन्यांत रंग उतरतो, आणि पैदास करायला घेतलेत तर वांझ निघायची शक्यता मोठी.

---

शंकासूर

गर्भनिरोधक गोळ्यांमुळे नदीतले मासे माद्या होतात, हे खरं की फॉरवर्ड?

---

खारफुटी

गाभा खरा, फॉरवर्डमध्ये मीठ-मसाला जास्त. गोळीतलं कृत्रिम इस्ट्रोजेन (इथिनाइल इस्ट्रॅडायॉल) सांडपाणी प्रक्रियेत पूर्ण जात नाही. ब्रिटनच्या नद्यांत प्रक्रिया केंद्रांच्या खाली रोच माशांच्या वृषणांत अंडपेशी सापडल्या. तिथे माणसांच्या शरीरातून येणारं नैसर्गिक इस्ट्रोजेनही कारण होतं, दोष फक्त गोळीचा नाही.

पुरावा पक्का झाला तो कॅनडात. ऑन्टारिओतल्या प्रायोगिक तळ्यांपैकी एकात २००१ ते २००३ अशी तीन वर्षं हे रसायन लिटरला ५–६ नॅनोग्रॅम राहील असं सोडलं. फॅटहेड मिनो नावाच्या लहान माशाच्या नरांत व्हायटेलोजेनिन, म्हणजे अंड्यातल्या बलकाचं प्रथिन, भरमसाट बनू लागलं, वृषणं बिघडली आणि त्या तळ्यातली त्यांची संख्या जवळजवळ शून्यावर आली. डोस बंद केल्यावर काही वर्षांनी संख्या पुन्हा सावरली.

पण याला लिंगबदल म्हणू नका. रॅसची मादी नर होते तेव्हा पूर्ण कामाचा नर मिळतो. इथे मिळतो तो बिघडलेला नर. ओढ्यातल्या माशावर असा परिणाम झालाय का हे बघायचं असेल तर नराच्या रक्तात व्हायटेलोजेनिन मोजणं सर्वांत लवकर कळणारी खूण, काचपट्टी नंतर.

---

शंकासूर

@काचपेटी, शेवटचा प्रश्न. एका पेटीत दोन मोठे क्लाऊन आहेत, दोन्ही बहुधा माद्या. एकीला एमटी देऊन नर करता येईल का?

---

काचपेटी

नाही. क्लाऊनमध्ये मादी झाली की परतीची वाट नाही, आणि एमटीनं ओढून आणायचा प्रयत्न केलात तरी वागणूक मादीचीच राहणार. दोन माद्या एका पेटीत एकमेकींना मारेपर्यंत भांडतात. आजच एकीला वेगळ्या पेटीत हलवा किंवा मध्ये जाळीची भिंत लावा. उरलेलीला निम्म्याहून लहान, ज्याचं लिंग ठरलेलं नाही असं पिल्लू आणा. पहिले आठ-दहा दिवस ते सच्छिद्र डब्यात ठेवून मादीला नुसतं दिसू द्या. सोडल्यावर पिल्लू अंग थरथरवून शरण येताना दिसलं तर जमतंय. मादी सतत पाठलाग करून कोपऱ्यात दाबत असेल, पंख फाटलेले दिसत असतील, तर पुन्हा डब्यात, आणि आठवड्यानं परत प्रयत्न.